शेरा

मुदत आज रात्री बारापर्यंत.
पोर्टल म्हणतं, तुमच्या कामात नवीन काय आहे
ते दीडशे शब्दांत सांगा.

नवीन?
जनकगंजातल्या दोन खोल्या,
एकीत वॉकर, दुसरीत पाण्याच्या गाद्या,
सात चाकाच्या खुर्च्या, त्यातली एक डावीकडे ओढते,
नेणाऱ्याला आम्ही ते आधीच सांगतो.
कमोडची खुर्ची नंबर चार
अकरा वर्षांत त्रेसष्ट घरी राहून आली.
तिच्यात नवीन म्हणाल तर पायांची रबरी बुटं,
शफीकभाईंनी मार्चमध्ये बसवली,
पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धाच प्यायले.

मी लिहिते : शाश्वत.
खोडते.
आंग्र्यांचा ओजस म्हणतो, मावशी,
हा शब्द त्यांना आवडतो, असू दे.
असू देते.

पुढचा प्रश्न : लाभार्थी किती,
त्यातले बरे झालेले किती, टक्केवारीत.

रजिस्टर काढते. खानवलकरांचं अक्षर, निळी शाई,
नाव, वस्तू, अनामत, नेली, परत,
आणि शेवटी शेरा.
शेऱ्याचा रकाना पहिल्या पानापासून कोरा.
तो तसाच ठेवायचा, हे त्यांनीच ठरवलं होतं.
वस्तू आली की तपासून घ्यायची,
अनामत मोजून द्यायची,
पाणी हवंय का विचारायचं,
बाकी काही विचारायचं नाही.
माणूस चालायला लागला म्हणून वॉकर परत येतो,
किंवा नाही म्हणून.
लोक दोन्ही वेळा तो धुऊन, पुसून आणतात.

मुरैन्याचा एक मुलगा
ऑक्सिजनचं मशीन स्कूटरला बांधून घेऊन आला.
अनामत ठेवून घ्या म्हणाला, आणि म्हणताना हसला.
त्याला कुठल्या बाजूला धरू?
शितोळेबाई खुर्ची टेकवून ढसाढसा रडल्या,
आम्ही खाली बघत राहिलो,
मग कळलं, नवरा बाहेर रिक्षात बसलाय,
स्वतःच्या पायांनी चढून.

टक्केवारीच्या चौकटीत अक्षरं उमटत नाहीत.
शून्य टाकलं तरी पुढचं पान उघडतं,
शंभर टाकलं तरी.
ओजस म्हणतो, बहात्तर टाक, खरं वाटतं.
मी बहात्तर टाकते.
मग कसंसंच होऊन एकाहत्तर करते.

साडेदहाला वीज जाते.
मे महिन्यातलं लष्कर, भिंतीसुद्धा घामेजतात.
ओजसच्या फोनच्या नेटवर
ताळेबंद मुंगीच्या पावलानं वर चढतो,
दोन एमबीपेक्षा मोठा नको,
आमचा आहे दोन पूर्णांक एक.
स्टॅम्पच्या पानाचा कोपरा कापतो. बसतो.

आणि शेवटी ओटीपी,
नोंदणीकृत मोबाईलवर पाठवला आहे म्हणे.
नोंदणीकृत म्हणजे खानवलकरांचा.
त्यांना जाऊन दिवाळीत दोन वर्षं होतील.
नंबर बदलायचा तर अर्जावर
त्यांचीच सही लागते.

वहिनी पहिल्याच रिंगला उचलतात.
दर महिन्याला रिचार्ज करतात त्या,
सुनेनं विचारलं तर म्हणतात, संस्थेचं काम असतं.
चष्मा शोधतात. सावकाश वाचतात,
तीन, शून्य, शून्य, आठ,
आणि स्क्रीन विझते.
पुन्हा पाठव गं, म्हणतात,
मी इथेच बसलेय हातात धरून.

दुसऱ्यांदा सगळे आकडे येतात.
फिरणारं चक्र बघत असताना
त्या पलीकडून म्हणतात,
अगं, ती चार पायांची काठी
आमच्याकडेच राहिलीय,
रोज म्हणते, पाठवते.

मी टॉर्च धरून पान उलटते.
त्यांनी स्वतःच केलेली नोंद,
अनामत तीनशे, भरली.
नेली : नऊ ऑगस्ट.
परतच्या खाली काही नाही.

असू द्या वहिनी, मी म्हणते,
सध्या कुणी मागितलेली नाही.

खरं तर यादीत दोघं आहेत.
एक भिंडहून उद्या सकाळीच येणार आहे.
अर्ज मिळाला, पोर्टल सांगतं, अकरा बावन्न,
कृपया या संदेशाला उत्तर देऊ नका.